धारूरकरांची सरकती दारं

टण्ण. मग फरशीवरून घरंगळत जाण्याचा आवाज, थेट देव्हाऱ्यापर्यंत. आणि मग, अर्थातच, बाळ.

पावणेदोन तास मांडीवर घेऊन, पाठ थोपटून, येतील तेवढी सगळी गाणी दोन-दोनदा म्हणून मी ईशानला झोपवलं होतं. घर इतकं शांत झालं होतं की पंखा हळू करायलासुद्धा मी उठले नव्हते. आणि तेवढ्यात हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या दाराचं एक पितळी चाक निसटून खाली पडलं.

"पडलं वाटतं," नाना खुर्चीतून म्हणाले. पेपर काही तोंडासमोरून हलला नाही.

"पडलं."

"उचलून ठेव हो. तसलं चाक आता मिळत नाही."

मी रडणाऱ्या पोराला कडेवर घेतलं, वाकले, देव्हाऱ्याखालून चाक काढलं आणि टेबलावर ठेवलं. जरा आपटूनच ठेवलं.

"वकिलांना अट कळवलीस?" पेपरमागून आवाज.

"नाना, त्याला झोपवू द्या की आधी."

"मी घाई करत नाही. विचारलं फक्त."

याला सहा वर्षं झाली. ईशान तेव्हा आठ महिन्यांचा, नुकता रांगायला लागलेला. जुई पाच वर्षांची. प्रसन्न, माझा नवरा, नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हणजे आठवडाभर बार्शीच्या त्या घरात दोन पोरं, सासरे म्हणजे नाना, आणि मी. आणि त्या महिन्यात हॉलमध्ये सात फुटी सागवानी दारं.

ही दारं नानांनी शहाऐंशी साली घर बांधताना करून घेतली होती. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. बिजागरीची नव्हेत. दोन फळ्या, बंद केल्या की मध्यावर एकमेकींना भेटायच्या, उघडल्या की दोन्हीकडच्या भिंतींच्या पोटात शिरून दिसेनाशा व्हायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचं फार अप्रूप वाटलं होतं. मग मुलं झाली आणि अप्रूप संपलं. मी पोळ्या लाटत असताना बाळ हॉलमध्ये काय तोंडात घालतंय हे मला दिसायला हवं होतं. मध्ये भिंत नकोच, असं मी ठरवलं आणि भीतभीत नानांना विचारलं.

नाना धारूरकर तीस वर्षं गणिताचे मास्तर. त्यांनी दोनच मिनिटं विचार केला. "पाड भिंत. दारं मात्र वाचनालयाला द्यायची. हिच्या नावानं." ही म्हणजे सासूबाई.

इतकं सोपं असतं तर हवं काय होतं.

वाचनालय आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. नाना त्याचे जुने कार्यवाह, आणि समितीची बैठक कायम आमच्याच हॉलमध्ये, दर रविवारी. आता तिथल्या एकुलत्या मोठ्या खोलीत भिंत घालून मुलांचा वेगळा विभाग करायचं चाललं होतं. भिंत नवीनच उठायची होती, ती आतून पोकळ ठेवली की आमची दारं त्यात सरकली असती. अध्यक्ष देशमाने वकील स्वतः घरी येऊन दारांवर टकटक करून गेले.

"नाना, असलं सागवान आता डोळ्यांना दिसत नाही. आणि पोरांना दार आपटता येणार नाही, बोटं चेमटणार नाहीत. याला म्हणतात देणगी!" मग खिशातून वही काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि वहिनींचं नाव काय हो? रंगवून घ्यायला लागेल ना."

"रत्नमाला," मी म्हणाले. ते लिहून घेऊन गेले.

मी मिस्त्री बोलावला, दारं उतरवली, भिंत पाडली, तीन दिवस घरभर धूळ खाल्ली. आणि चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना नानांनी अट घातली. नाव दोन्ही फळ्यांवर, वीतभर उंचीच्या अक्षरांत. आणि दारं कायम बंद ठेवायची.

"बंद?"

"उघडली की भिंतीत जातात. नाव दिसत नाही."

"पण नाना, दार आहे ते. मुलं आत जाणार कशी?"

"दुसरीकडून."

"दुसरीकडे दार नाही."

"मग करा म्हणावं."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. नाना चेष्टा करत नव्हते.

"नाही जमत म्हणाले तर?"

"तर देणार नाही. पांचाळ मिस्त्रीला बोलाव, भिंत परत बांधू, दारं होती तिथं लावू."

आता कळलं ना, माझं काय अडकलं होतं? नुकता ओटा आणि हॉल एक झाला होता. पहिल्यांदाच पोळी लाटता लाटता मला माझी दोन्ही पोरं दिसत होती. आणि ती भिंत पुन्हा उठणार होती.

मंगळवारी ईशानला कडेवर आणि जुईला बोटाशी घेऊन मी वाचनालयात गेले. आत सिमेंटच्या गोण्या, टेबलांवर जुने पेपर अंथरलेले, आणि मधोमध अर्धवट उठलेली भिंत. देशमाने वकील त्या भिंतीला टेकून उसाचा रस पीत होते. मी अट सांगितली. ग्लास अर्ध्यावरच थांबला.

"कायम बंद?"

"हो."

"सूनबाई, कायम बंद ठेवायचं तर मी सरळ भिंत पुरी करतो की. दार कशाला?"

"मी हेच म्हणाले त्यांना."

"वर बघा." त्यांनी मान वर केली. मीही केली. ईशाननंही केली. "तीन पंखे. नऊ पाती. प्रत्येक पात्यावर कुणाचं ना कुणाचं स्मरणार्थ. बंद असले की वाचता येतात. चालू केले की सगळे देणगीदार गरागरा फिरतात. नाना स्वतः शिडीवर चढून काना-मात्रा तपासून गेले होते. तेव्हा नाही म्हणाले, पंखे कायम बंद ठेवा म्हणून!"

जुई खदखदा हसली. मला हसावंसं वाटत होतं, पण मी दमले होते.

"भिंतीवर पाटी लावता येईल?"

"संगमरवरी लावतो. सोनेरी अक्षरांत. भिंत काही सरकत नाही. सांगा नानांना. आणि हेही सांगा, शुक्रवारी मिस्त्री भिंत बंद करणार, रविवारी उद्घाटन. शुक्रवार सकाळपर्यंत दारं आली तर आली, नाही तर मी ॲल्युमिनियमचं पार्टिशन सांगतो. मला वाईट वाटेल, पण सांगतो."

घरी येऊन मी संगमरवरी पाटीबद्दल सांगितलं. सोनेरी अक्षरांवर जोर देऊन सांगितलं.

"पाटी भिंतीची," नाना म्हणाले. "दार तिचं."

"म्हणजे काय, नाना?"

"म्हणजे काहीही नाही. वरणाला फोडणी दे, जळतंय."

रात्री प्रसन्नला फोन केला, तर तो म्हणाला, "तू त्यांच्याशी शांतपणे बोल ना." दोनशे किलोमीटरवर बसून माणसाला किती शांतपणे बोलता येतं!

बुधवारी दुपारी मी कणीक मळत होते. ईशान रांगत रांगत दारांपाशी गेला. नवीन ओट्यावरून मला तो दिसत होता, त्यासाठीच तर हा सगळा उद्योग. त्यानं फळीची कड धरली आणि जोर लावून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. मी हरखून जुईला हाक मारणार, तोच फळी भिंतीपासून सुटली.

मी कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. कणकेचे हात, फळी माझ्या खांद्यावर, पोर माझ्या पायात. त्याला काही झालं नाही. तो हसत होता.

"नाना!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझं पोर चिरडलं असतं आत्ता! काय चालवलंय हे? कुठल्या जगात दार कायम बंद ठेवतात? त्यांना मुलांसाठी खोली हवीय, तुम्हाला नाव हवंय, आणि मी सगळीकडे हात जोडत फिरायचं? आई असत्या ना, तर त्यांनी पहिल्यांदा तुम्हाला हसून घेतलं असतं!"

लग्नानंतर सात वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. त्यांनी उठून फळीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ती जमिनीवर आडवी केली. मग ते तिच्यावरच बसले, बाकावर बसावं तसे.

"देशमाने आपल्याकडे किती वर्षं येतोय?"

"मला काय माहीत?"

"अठ्ठावीस. दर रविवारी. दोनदा चहा, एकदा पोहे. कधी उपमा. त्याला शेंगदाणे चालत नाहीत म्हणून त्याची बशी ही वेगळी काढायची. त्यानं तुला काय विचारलं त्या दिवशी?"

मला आठवेना. मग आठवलं. वहिनींचं नाव.

"त्याची चूक नाही," नाना म्हणाले. "त्याला दिसलीच नाही ती. आमची बैठक सुरू झाली की मी दार ओढून घ्यायचो. भांड्यांचा आवाज नको, फोडणीचा वास नको. चहा झाला की ती आतून दोनदा टकटक करायची. मी वीतभर सरकवायचो, ट्रे घ्यायचो, परत ओढून घ्यायचो. वाचनालयात कुठली पुस्तकं घ्यायची याच्यावर आम्ही तासतास भांडायचो. ती आत बसून ऐकायची. सगळे गेले की म्हणायची, ते प्रवासवर्णनाचं घ्यायला हवं होतं तुम्ही."

ईशान त्यांच्या गुडघ्याला धरून पुन्हा उभा राहायला बघत होता. त्यांनी त्याला हात दिला.

"आणि देशमानेला काय बोलू? मी तरी कुठं तिला नावानं हाक मारली? अगं, ऐकलंस का, यावरच निघालं सगळं. म्हटलं, आता तरी ते नाव चार लोकांनी वाचावं. येता-जाता. ते पुन्हा भिंतीत जायला नको."

रागावलेल्या माणसाला असं मध्येच कुणी रडवू नये. मी कणकेच्या हातानंच डोळे पुसले आणि चेहरा भरून घेतला. तरीही गुरुवार उजाडायचा तो उजाडलाच, आणि शुक्रवार त्याच्यामागून येणार होता.

गुरुवारी सकाळी जुईची शाळा नव्हती. मी तिला बजावून ठेवलं होतं, दारांवर खडू चालवायचा नाही. अंघोळ करून आले तर बाईसाहेब आडव्या फळीपाशी मांडी घालून बसलेल्या, हातात खडू.

"जुई! काय सांगितलं होतं?"

"दारावर नाही काढलं. कडेला काढलंय."

खरंच होतं. फळीची दीड इंच जाडीची कड तिनं पाटीसारखी वापरली होती. जागा अरुंद, म्हणून अक्षरं एकाखाली एक. जु. ई. त्याच्या खाली एक फूल, आणि पुन्हा जु. ई.

मी ओल्या केसांनी तशीच खाली बसले.

"नाना, इकडे या जरा."

"काय झालं?"

"दार भिंतीत गेलं तरी ही कड बाहेरच राहते. हो ना? इथं नाव लिहिलं तर? उभं. जुईनं लिहिलंय तसं. मग दार उघडं असलं तरी दिसेल!"

ते चष्मा लावून वाकले. बोटानं कडेची जाडी मोजली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आणि दार बंद केलं की?" ते म्हणाले. "दोन्ही कडा एकमेकींना चिकटणार. नाव मधल्या मध्ये."

गणिताचे मास्तर! मला रडूच यायचं बाकी राहिलं. एवढं सुचलं होतं ते दोन मिनिटंही टिकलं नाही. मी उठायला लागले.

"थांब." नाना अजून वाकलेलेच होते. "म्हणजे नाव दिसायचं तर दार उघडं ठेवायला लागणार."

"हो."

"बंद केलं तर नाव जाणार."

"हो, नाना."

जुईनं त्यांना खडू देऊ केला, तो त्यांनी घेतला आणि हातात धरून ठेवला.

"वकिलाला फोन लाव," ते शेवटी म्हणाले. "सांग, अट बदलली. दार कायम उघडं ठेवायचं."

वकिलांना मी फोन लावला. "सूनबाई, परवा कायम बंद, आज कायम उघडं. तुमच्या सासऱ्यांना नक्की दार हवंय का?" मग हसले. "पण हे जमेल. मुलांच्या खोलीचं दार उघडं राहिलेलंच बरं. पेंटर पाठवतो."

नबीलाल पेंटर दुपारी डबे-ब्रश घेऊन आला. त्यानं कड बघून तोंड वाकडं केलं. "एवढ्याशा पट्टीत? बरं, सांगा. कैलासवासी सौभाग्यवती आधी, मग नाव, मग मालकांचं नाव, मग..."

"नुसतं रत्नमाला," नाना म्हणाले.

"कैलासवासी?"

"नको."

"तुमचं नाव तरी?"

"माझं नको. आडनावही नको. चार अक्षरं लिही, पण नीट लिही. 'त्न' जोडून."

"लोक विचारतील, कोण रत्नमाला म्हणून."

"विचारू देत की," नाना म्हणाले.

नबीलालनं खडूची जुई आणि फूल ओल्या फडक्यानं पुसलं, त्यावर जुईनं भोकाड पसरलं, तिच्या रडण्यानं ईशान उठला, आणि ती चार अक्षरं पुरी होईपर्यंत मी एका हातानं बाळ आणि एका हातानं मुलगी धरून बसले. पण अक्षरं देखणी झाली. गडद निळी, सागाच्या कडेवर एकाखाली एक.

शुक्रवारी सकाळी टेम्पोतून दारं वाचनालयात गेली. मागून रिक्षानं आम्ही. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वकील दारात उभे होते, त्यांनी नानांचा हात धरून आत नेलं. पांचाळ मिस्त्रीनं वरचा रूळ आधीच बसवून ठेवला होता. आमची पितळी चाकं त्यात बसली आणि पहिली फळी लटकली. मिस्त्रीनं ती भिंतीत ढकलली. सगळी आत गेली, आणि भिंतीतून फक्त ती निळी अक्षरं बाहेर बघत राहिली.

वकील जवळ गेले. वरून खाली वाचत आले. "रत्नमाला," मोठ्यांदा म्हणाले. मग नानांकडे वळले आणि हात जोडले.

मला वाटलं, झालं. सुटले मी. आता घरी जाऊन झोपायचं.

"नाना, एक सांगा," पांचाळ मिस्त्री दुसरी फळी धरून उभा होता. "पोरांच्या खोलीकडं कुठली बाजू करू?"

"कुठलीही कर. दोन्ही सारख्याच."

"सारख्या न्हाईत ना. ह्या बाजूला बोटं घालून ओढायला पितळी वाटी बसवलीय. त्या बाजूला काहीच न्हाई, सपाट हाय. पहिलीलाबी तसंच. असं कुणी करत न्हाई. राहून गेलं असंल त्या टायमाला." त्यानं कानामागची पेन्सिल काढली. "तुम्ही म्हणाल तर बसवतो, दोन वाट्या, अर्ध्या तासाचं काम."

नाना फळीपाशी गेले. आधी वाटीची बाजू बघितली, मग मागं जाऊन दुसरी. मीही बघितली. सात वर्षं मी त्या सपाट बाजूनं तळहात दाबून ते दार सरकवत होते. पोळपाट धुताना, पोर कडेवर असताना, कोपरानं, खांद्यानं. एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

"बसव," नाना म्हणाले. मुलांसाठी आणलेल्या बुटक्या बाकांपैकी एकावर ते बसले. वकील पाणी आणायला गेले.

जुई फळीभोवती फिरून आली. एका बाजूनं वाटीत बोटं घालून बघितली. दुसऱ्या बाजूनं हात फिरवून बघितला, वर, खाली, पाय उंच करून आणखी वर.

"आई, इकडून धरायला काहीच नाहीये."

"नाही."

"ही बाजू आपल्या घरी कुठं होती?"

"स्वयंपाकघरात."

"म्हणजे आजीकडे?"

"हो."

तिनं बाकावर बसलेल्या आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग आजोबांनी दार लावलं, आणि आजीला बाहेर यायचं असलं की?"